परदेशात नव्याने राहायला गेलात? डॉक्टरपर्यंत पोहोचण्याची वाट आधीच समजून घ्या

नाशिकमध्ये ताप आला की आपण घराजवळच्या दवाखान्यात जाऊन नंबर लावतो. छातीत धडधडले तर थेट हृदयरोगतज्ज्ञाकडे, गुडघा दुखला तर थेट हाडांच्या डॉक्टरकडे. तुम्हाला कोणी पाठवले, असे तिथे कोणी विचारत नाही. मेडिकलमध्ये नाव सांगितले की गोळ्याही मिळतात (मिळायला नकोत, पण मिळतात). पैसे खिशातून जातात, पण दार उघडे असते.

यूके, जर्मनी, कॅनडा किंवा अमेरिकेत हा क्रम बदलतो. आधी नोंदणी किंवा विमा, मग जनरल फिजिशियन किंवा फॅमिली डॉक्टर, आणि बऱ्याच ठिकाणी त्यांनी पाठवले तरच तज्ज्ञ. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी गेलेले बहुतेक तरुण ही नोंदणी "नंतर बघू" म्हणून टाळतात, कारण तेव्हा त्यांना काहीच झालेले नसते. मग पहिल्या हिवाळ्यात फोन येतो: "डॉक्टर, इथे अपॉइंटमेंट मिळत नाही, तुम्हीच काहीतरी लिहून पाठवा ना."

असे लिहून पाठवण्याचा फारसा उपयोग नसतो. भारतातल्या डॉक्टरची चिठ्ठी तिथल्या फार्मसीत सहसा चालत नाही. भारताच्या २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांमध्येही देशाबाहेर दिलेला सल्ला बसत नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे फोनवरून छाती तपासता येत नाही. साधा खोकला आणि न्यूमोनिया यांतला फरक व्हॉट्सअ‍ॅपवर कळत नाही. बॅगेतल्या उरलेल्या अँटिबायोटिकवर आठवडा काढून शेवटी रुग्णालयात भरती होणे हे टाळता येण्यासारखे आहे.

खाली काही देशांची पद्धत दिली आहे. शुल्काचे आकडे बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर एकदा तपासून घ्या.

यूके: पैसे भरलेले असतात, नाव नोंदवलेले नसते

सहा महिन्यांहून अधिक काळाच्या व्हिसासाठी अर्ज करतानाच इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढांसाठी वर्षाला १,०३५ पौंड आणि विद्यार्थ्यांसाठी ७७६ पौंड आहे. हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसावर जाणाऱ्या नर्स व इतर कर्मचाऱ्यांना तो माफ आहे. हा सरचार्ज भरला, किंवा त्यातून अशी सूट मिळाली, की एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा तिथल्या रहिवाशांप्रमाणेच तुम्हालाही मिळते. प्रसूती आणि शस्त्रक्रियाही त्यात येतात.

पण सरचार्ज भरला म्हणजे डॉक्टर मिळाला असे होत नाही. राहण्याच्या पत्त्याजवळच्या जीपी प्रॅक्टिसमध्ये, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात, स्वतः जाऊन किंवा ऑनलाइन नाव नोंदवावे लागते. नोंदणी मोफत असते. इंग्लंडमध्ये त्यासाठी पत्त्याचा पुरावा, ओळखपत्र किंवा व्हिसाची कागदपत्रे दाखवणे बंधनकारक नाही. रिसेप्शनवर कोणी मागितलीच, आणि भाडेकरार तुमच्या नावावर नसेल, तर "एनएचएसच्या नियमानुसार हे आवश्यक नाही" असे शांतपणे सांगा. एकाच घरात पाच-सहा जण राहणाऱ्या विद्यार्थ्यांची गाडी इथेच अडते, म्हणून हे मुद्दाम लिहिले आहे.

नोंदणी झाली की रिसेप्शनिस्ट तुम्हाला काय होते आहे ते विचारतील. आपल्याकडे हे खासगी वाटते आणि अनेक जण "थोडे बरे नाही" एवढेच सांगतात. मग पुढची तारीख मिळते. त्या प्रश्नांवरूनच कोणाला आज बघायचे हे ठरत असते. "तीन दिवस १०२ ताप आहे आणि जिना चढताना दम लागतो" असे नेमके सांगा.

किरकोळ तक्रारींसाठी जीपीची वाट पाहायची गरज नसते. जानेवारी २०२४ पासून इंग्लंडमधले फार्मासिस्ट घसादुखी, सायनस, नागीण, स्त्रियांमधला साधा मूत्रमार्गाचा संसर्ग अशा सात तक्रारींवर, ठरलेल्या वयोगटात, स्वतः तपासून औषध देऊ शकतात. काय करावे हे कळत नसेल तर १११ वर फोन करा. मानसिक संकटात असाल तर त्याच क्रमांकावर २ हा पर्याय निवडा. घरापासून दूर, अंधाऱ्या हिवाळ्यात एकटे पडलेल्या मुलामुलींना तो माहीत असला पाहिजे.

इंग्लंडमध्ये चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाला ९.९० पौंड पडतात. स्कॉटलंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडमध्ये काहीच नाही. मधुमेहावर औषध घेणारे, थायरॉइड कमी असल्याने रोज गोळी घेणारे, आणि गर्भवती व बाळंतपणानंतर बारा महिन्यांपर्यंतच्या स्त्रिया यांना इंग्लंडमध्येही सर्व औषधे मोफत मिळतात. मात्र त्यासाठी जीपी किंवा मिडवाइफकडून सवलतीचे प्रमाणपत्र काढावे लागते. मागितल्याशिवाय ते हातात पडत नाही. आपल्याकडे थायरॉइडची गोळी घेणाऱ्या बायका किती आहेत हे पाहता ही माहिती कामाची ठरावी.

अभ्यासक्रम किंवा नोकरी सहा महिन्यांहून अधिक असेल तर भारतीयांना क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी लागते. ती यूके सरकारने मान्य केलेल्या केंद्रातच करावी लागते. गल्लीतल्या एक्स-रे सेंटरचा रिपोर्ट चालत नाही. प्रमाणपत्र सहा महिने ग्राह्य असते.

जर्मनी: विमा निवडताना घाई नको

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तेव्हापासून जर्मनीची चौकशी वाढली आहे. तिथे आरोग्य विमा सक्तीचा आहे. नोकरदाराच्या पगारातून सरकारी विम्याचा हप्ता कापला जातो. मूळ दर १४.६ टक्के असून वर विमा संस्थेचा थोडा जादा हप्ता असतो, आणि साधारण अर्धा भार मालक उचलतो. कमाई नसलेला जोडीदार आणि मुले यांना त्याच हप्त्यात संरक्षण मिळते. तीस वर्षांखालील विद्यार्थ्यांना सरकारी विमा सवलतीच्या दरात मिळतो.

फसगत होते ती इथे. एजंट स्वस्त खासगी विमा सुचवतो, महिन्याला थोडे युरो वाचतात म्हणून विद्यार्थी तो घेतो आणि सरकारी विम्यातून सूट घेतल्याच्या कागदावर सही करतो. ही सूट एकदा घेतली की ते शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही. पुढे मोठा आजार निघाला तर त्या स्वस्त पॉलिसीतल्या अटी वाचायची वेळ येते. माझे मत विचाराल तर सरकारी विमा मिळत असेल तर तोच घ्या.

विमा कार्ड मिळाल्यावर घराजवळचा हाउसआर्त्स्ट, म्हणजे फॅमिली डॉक्टर, गाठा. दवाखाना बंद असताना, पण जिवावर बेतलेले नसताना, ११६११७ हा क्रमांक चालतो. औषधामागे साधारण ५ ते १० युरो आणि रुग्णालयात दिवसाला १० युरो (वर्षात जास्तीत जास्त २८ दिवस) स्वतः भरावे लागतात. आजारपणाची रजा हवी असेल तर डॉक्टरचे प्रमाणपत्र वेळेत लागते. न कळवता घरी बसणे तिथे महागात पडते.

कॅनडा: प्रांत कोणता, हा पहिला प्रश्न

"कॅनडात सगळे फुकट" हे अर्धसत्य आहे. तिथे आरोग्यसेवा प्रांताच्या हातात आहे. ऑन्टारियोने नव्याने आलेल्यांसाठीची तीन महिन्यांची प्रतीक्षा २०२० मध्ये काढून टाकली, पण परदेशी विद्यार्थी तिथल्या सरकारी योजनेत येत नाहीत. त्यांचा विमा विद्यापीठ किंवा कॉलेजमार्फत असतो. ब्रिटिश कोलंबियात आलेला महिना आणि पुढचे दोन महिने थांबावे लागते. या मधल्या काळासाठी खासगी विमा घेऊनच विमानात बसा. हात मोडायला तीन महिने लागत नाहीत.

सरकारी कार्ड मिळाले तरी बहुतेक प्रौढांची औषधे, दात आणि चष्मा त्यात येत नाहीत. फॅमिली डॉक्टर मिळायला बराच काळ लागू शकतो. नाव यादीत टाकून ठेवा आणि तोवर वॉक-इन क्लिनिक वापरा. बहुतेक प्रांतांत ८११ वर नर्सचा सल्ला मिळतो.

अमेरिका: उपचार मिळतात, बिल नंतर येते

नवी नोकरी लागल्यावर विमा निवडायला ठरावीक दिवस मिळतात, अनेक कंपन्यांत ३०. लग्न झाले किंवा बाळ झाले तरीही साधारण तीसच दिवस. ही मुदत चुकली तर पुढच्या वार्षिक नोंदणीपर्यंत थांबावे लागते. बाळाचे नाव विम्यात घालणे हे बारशापेक्षा तातडीचे काम समजा.

दोन शब्द समजून घ्या. डिडक्टिबल म्हणजे विमा कंपनी पैसे द्यायला लागण्यापूर्वी तुम्ही स्वतः भरायची वार्षिक रक्कम. ती २,००० डॉलर असेल तर सुरुवातीची तेवढी बिले तुमचीच. इन-नेटवर्क म्हणजे विमा कंपनीशी करार असलेले डॉक्टर. ओळखीच्यांनी सुचवलेला डॉक्टर उत्तम असेल, पण नेटवर्कमध्ये नसेल तर बिल कित्येक पट येऊ शकते. वार्षिक तपासणी आणि लसी मात्र बहुतेक पॉलिसींमध्ये नेटवर्कमधल्या डॉक्टरकडे मोफत असतात. तिथून सुरुवात करा, म्हणजे डॉक्टरशी ओळखही होते.

रात्री बाळाचा कान दुखतो आहे, पाय मुरगळला आहे, यासाठी अर्जंट केअर पुरते. तिथला खर्च इमर्जन्सी रूमच्या मानाने बराच कमी असतो. खरीच आणीबाणी असेल तर १९८६ च्या कायद्यानुसार मेडिकेअरचे पैसे घेणाऱ्या रुग्णालयाला, म्हणजे बहुतेक सर्व रुग्णालयांना, विमा नसला तरी तुम्हाला तपासून प्रकृती स्थिर करावीच लागते. बिल माफ होत नाही, पण दारातून परत पाठवता येत नाही. मोठे बिल आलेच तर तपशीलवार बिल मागा आणि आर्थिक मदतीचा अर्ज मागा. ना-नफा रुग्णालयांना अशी योजना ठेवावी लागते.

आखात आणि ऑस्ट्रेलिया

दुबई आणि अबुधाबीत नोकरदाराचा विमा मालकाने काढणे पूर्वीपासून सक्तीचे आहे. जानेवारी २०२५ पासून ते संयुक्त अरब अमिरातीत सगळीकडे लागू झाले. विमा कार्ड हातात आले का आणि त्यात कोणती रुग्णालये आहेत, हे पहिल्या आठवड्यात विचारा. कार्ड मालकाच्या कपाटात असून उपयोग नाही. दहावी न झालेल्या आणि पासपोर्टवर इमिग्रेशन चेकची अट असलेल्या कामगारांना भारत सरकारचा प्रवासी भारतीय विमा सक्तीचा आहे. त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाखांचे संरक्षण असते. त्याची प्रत घरी, बायकोकडे किंवा आई-वडिलांकडे ठेवून जा.

आखातात जाताना बॅगेतल्या औषधांकडे नीट पाहा. ट्रॅमाडॉल, कोडीन, प्रीगाबालिन, अल्प्राझोलाम ही आपल्याकडे सर्रास लिहिली जाणारी औषधे तिथे नियंत्रित आहेत. कंबरदुखीच्या पाकिटात यातले काही असू शकते. अमिरातीत नेण्यापूर्वी ऑनलाइन परवानगी घ्या आणि चिठ्ठी जवळ ठेवा.

ऑस्ट्रेलियात विद्यार्थ्यांना व्हिसाच्या पूर्ण काळासाठी ठरलेला आरोग्य विमा घ्यावा लागतो. तिथल्या सरकारी मेडिकेअरचा परस्पर करार काही देशांशी आहे, भारताशी नाही.

निघण्याआधी नाशिकमध्येच उरकायची कामे

निदान दोन महिने आधी या. प्रवासाच्या आदल्या दिवशी "फिट आहे असे लिहून द्या" म्हणत आलेल्यांसाठी फार काही करता येत नाही.

लसींपासून सुरू करा. अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठे एमएमआर लसीचे दोन डोस मागतात. आज विशीत असलेल्या अनेकांना लहानपणी सरकारी केंद्रात फक्त गोवराची लस मिळाली होती, आणि लसीकरणाचे कार्ड तर बहुतेकांकडे सापडत नाही. दोन डोसांत किमान २८ दिवस जावे लागतात, म्हणून वेळ हवा. दात तपासून घ्या. अर्धवट राहिलेले रूट कॅनाल आणि अक्कलदाढ इथेच संपवा. परदेशात दातांचा खर्च आणि प्रतीक्षा दोन्ही जास्त असतात.

नंतर औषधे. चिठ्ठीवर कंपनीचे नाव नको, मूळ औषधाचे नाव हवे. आपला ब्रँड तिकडच्या डॉक्टरला काहीच सांगत नाही. शिवाय आपल्याकडच्या तीन-तीन औषधे एकत्र असलेल्या शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या अनेक देशांत मिळत नाहीत. त्यातला प्रत्येक घटक आणि त्याचे मिलिग्रॅम वेगळे लिहून घ्या. काही मूळ नावेही बदलतात. पॅरासिटामॉलला अमेरिकेत आणि कॅनडात अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात. बॅगेतली पॅरासिटामॉल आणि तिकडे घेतलेली सर्दीची गोळी यांत तेच औषध दोनदा जाऊन यकृताला इजा होऊ शकते. दम्याच्या पंपातले साल्ब्युटामॉल अमेरिकेत अल्ब्युटेरॉल होते.

इन्सुलिन बाटलीतून घेणाऱ्यांनी पुढचे दोनदा वाचावे. भारतात मिळणाऱ्या अनेक बाटल्या यू-४० असतात, म्हणजे एका मिलिलिटरला ४० युनिट. त्यांची सिरिंज लाल टोपणाची. परदेशात बाटल्या यू-१०० असतात. तिथली बाटली आणि इथली लाल टोपणाची सिरिंज अशी जोडी जमली तर अडीचपट इन्सुलिन शरीरात जाते आणि साखर धोकादायकरीत्या खाली जाते. तिकडची बाटली सुरू केली की सिरिंजही तिकडचीच घ्या, किंवा जाण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून पेनवर या. इन्सुलिन विमानात हातातल्या बॅगेत ठेवा, खाली सामानात ते गोठू शकते.

रिपोर्टचे आकडेही वेगळे दिसतात. यूके, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात साखर दुसऱ्या एककात मोजतात. तिथल्या आकड्याला १८ ने गुणले की आपला आकडा येतो, म्हणजे तिथली १० ही आपली १८०. एचबीए१सी ७ टक्के असेल तर यूकेच्या रिपोर्टवर ५३ दिसेल. घाबरून गोळी वाढवू नका.

आई-वडील पाहुणे म्हणून जातात तेव्हा

मला सर्वाधिक काळजी वाटते ती या गटाची. मुलीचे बाळंतपण करायला सहा महिने अमेरिकेला निघालेल्या साठीच्या आईला बीपी असते, शुगर असते, आणि व्हिसा असतो पर्यटकाचा. मुलाच्या किंवा मुलीच्या कंपनीच्या विम्यात तिचे नाव सहसा घालता येत नाही. इथली मेडिक्लेम बहुतेक वेळा भारतापुरतीच असते.

यूकेला पाहुणे म्हणून गेलेल्यांनी सरचार्ज भरलेला नसतो. जीपीचा सल्ला आणि इमर्जन्सी विभागातली पहिली तपासणी मोफत असते, पण भरती केले की एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल लागते. ५०० पौंडांहून अधिक बिल थकले तर पुढचा व्हिसा अडू शकतो. जर्मनीसह शेंगेन देशांच्या व्हिसाला किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. कॅनडाच्या सुपर व्हिसाला किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, वर्षभराचा विमा लागतो. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला विम्याची सक्ती नाही, आणि म्हणूनच तिथे न घेता जाणारे सापडतात.

विमा घेताना एकच प्रश्न विचारा: "आधीपासून असलेल्या आजारातून काही उद्भवले तर पैसे मिळतील का, आणि किती?" बीपीच्या रुग्णाला हृदयविकाराचा झटका आला तर अनेक स्वस्त पॉलिसी हात वर करतात. काही पॉलिसी दर दिवसाला ठरलेली छोटी रक्कमच देतात. त्या अमेरिकेत फारशा कामाच्या नाहीत. फॉर्मवर बीपी, शुगर लपवू नका. दावा नाकारायला तेवढेच कारण पुरते.

जाण्यापूर्वी ईसीजी, साखर, क्रिएटिनिन आणि बीपी तपासून घ्या. छातीत दुखण्याची जुनी तक्रार असेल तर तिचा निकाल इथेच लावा, तिकीट पुढे ढकलावे लागले तरी. औषधे साधारण तीन महिन्यांची, मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसह न्या. पुढच्या तीन महिन्यांची सोय आधीच ठरवून ठेवा. तिथल्या डॉक्टरला एकदा पैसे भरून दाखवणे हा बहुतेक वेळा सोपा मार्ग असतो. गोळ्या पुरवण्यासाठी एक दिवसाआड घेणे हा मार्ग नाही, आणि काटकसरीच्या सवयीमुळे तो सर्रास निवडला जातो.

अपॉइंटमेंटची वाट पाहू नये असे प्रसंग

छातीत दाब किंवा त्यासोबत घाम, तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, श्वास घ्यायला त्रास, गर्भवतीला रक्तस्राव, बाळ सुस्त होऊन दूध न घेणे: यांपैकी काही झाले तर विम्याचा विचार न करता रुग्णवाहिका बोलवा. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. "मुलगा ऑफिसमधून येईपर्यंत थांबू" यात तो वेळ निघून जातो.

क्रमांक असे: यूके ९९९, जर्मनी व युरोप ११२, अमेरिका व कॅनडा ९११, ऑस्ट्रेलिया ०००, अमिरातीत रुग्णवाहिका ९९८. इंग्रजी येत नसेल तर फोनवर "हिंदी" एवढे सांगितले तरी अनेक ठिकाणी दुभाषी जोडून देतात. मराठीचा दुभाषी मिळण्यापेक्षा हिंदीचा लवकर मिळतो. हा क्रमांक, घराचा पूर्ण पत्ता पिन किंवा पोस्टकोडसह, आणि घेत असलेल्या औषधांची मूळ नावे मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवा. घरी दिवसभर आई-वडील एकटे असतील तर त्यांना तो पत्ता एकदा मोठ्याने वाचायला लावा.